नाणेघाट खालून चढा, घाटघरला मुक्काम करा : ठाण्याहून दोन दिवसांची सविस्तर वाट

नाणेघाटाच्या माथ्यावर आता गाडी जाते. जुन्नरहून चावंडमार्गे येणारा रस्ता थेट पठारावर पोचतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी तिथे दिसणाऱ्या गर्दीतली बरीच माणसं घाट न चढताच घाट पाहून परत जातात. आमचं सांगणं एवढंच आहे की ठाणे, कल्याण किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसानं हा घाट कोकणातून, वैशाखरे या मुरबाडपुढच्या, कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या गावाच्या बाजूनं, पायी चढावा. ही वाटच मुळात खालून वर माल नेण्यासाठी खोदलेली आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली आणि जुन्नरची बाजारपेठ वर. दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून गेलेला माल याच नळीतून, म्हणजे कातळांमधल्या अरुंद घळीतून, चढला. इथल्या एका पाण्याच्या टाक्यावर दात्याचं नाव कोरलंय, ‘सोपारयकस गोविंददासस देयधम पोढी’. म्हणजे हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेलं दान. पोढी म्हणजे टाकं. आजच्या नालासोपाऱ्याचा हा माणूस. चढून घामाघूम झाल्यावर हे नाव वाचलं की त्यानं पाण्यावरच पैसे का खर्च केले ते आपोआप कळतं.

दुसरं सांगणं मुक्कामाबद्दल. एका दिवसात घाट चढून उतरता येतो, पण मग माथ्याजवळच्या सातवाहनकालीन लेण्यात जेमतेम वीस मिनिटं मिळतात आणि वरचं घाटघर गाव बघायचंच राहून जातं. म्हणून हा लेख शनिवार-रविवारच्या दोन दिवसांचा बेत धरून लिहिला आहे.

आधी नावांचा घोळ

घाटघर नावाची दोन गावं आहेत आणि नकाशाच्या ॲपवर नुसतं ‘घाटघर’ टाकलं की पुष्कळदा चुकीचं गाव उघडतं. एक घाटघर भंडारदऱ्याच्या मागे, अकोले तालुक्यात, कोकणकड्याजवळ आहे. तिथे घाटघर जलविद्युत प्रकल्प आहे. आपलं घाटघर जुन्नर तालुक्यात, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी. शोधताना ‘नाणेघाट’ किंवा ‘जीवधन’ असंच टाका. गाडीनं जाणाऱ्यांची आणखी एक चूक होते. ‘नाणेघाट’ टाकल्यावर ॲप माळशेज चढवून जुन्नरमार्गे थेट माथ्यावर नेतं. पायथा हवा असेल तर ‘वैशाखरे’ असं टाका.

कधी जावं

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातही सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा सगळ्यात सुंदर. पाऊस ओसरलेला, ओढ्यांना पाणी, पठारावर सोनकीचा पिवळा गालिचा, कातळावर तेरडा आणि सीतेची आसवं. डिसेंबर-जानेवारीत वर रात्री चांगली थंडी पडते. ठाण्यात पंखा लावून झोपणाऱ्यांना त्याची कल्पना येत नाही, म्हणून स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

मार्च ते मेमध्ये जायचंच असेल तर पहाटे साडेपाचला पायथ्याशी चालायला लागा. दहानंतर जंगल विरळ झालेल्या टप्प्यात ऊन भाजून काढतं आणि बहुतेक ओढे डिसेंबरनंतर कोरडे पडलेले असतात. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आधी, काजवे दिसतात. त्यासाठी मात्र रात्री जंगलात फिरू नका, गावाच्या कडेला उभं राहून दिसतात तेवढे पुरेसे असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पडणारं पाणी परत माथ्यावर उडवतो. दृश्य विलक्षण आहे, धोकाही तिथेच आहे. वारा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. माणूस झोताला टेकून, पुढे झुकून उभा राहतो आणि झोत थांबला की तोल पुढेच जातो. खाली निसरडा कातळ असतो. कड्यापासून किमान दहा-बारा फूट मागे राहा, फोटोसाठीही पुढे जाऊ नका. शिवाय पावसाळ्यात ठाणे आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी धबधबे आणि कड्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेश काढतात. घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा पुणे जिल्ह्यात, त्यामुळे घरून निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे आदेश बघा. पहिलाच ट्रेक असेल तर पावसाळ्यात खालून चढू नका.

ठाण्याहून पायथ्यापर्यंत

ठाण्याहून लोकलनं कल्याण. नवी मुंबईकरांनी वाशी, नेरुळ, पनवेलकडून ट्रान्स-हार्बरनं ठाणे गाठून गाडी बदलावी. कल्याणच्या एसटी स्थानकातून माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा, अहिल्यानगरकडे जाणारी कोणतीही गाडी चालते. तिकीट ‘वैशाखरे’ मागा. कंडक्टरला ‘नाणेघाटाच्या वाटेला उतरायचंय’ असंही सांगून ठेवा, कारण वाट गावातून नाही, गावाच्या पुढे माळशेजच्या दिशेनं महामार्गावरूनच फुटते. तिथे उजव्या हाताला नाणेघाटाची पाटी आहे. लांब पल्ल्याच्या काही गाड्या मधल्या थांब्यांवर थांबत नाहीत, तेव्हा चढण्याआधी विचारा. गाडी मिळाली नाही तर मुरबाडपर्यंत एसटी आणि पुढे टोकावड्याकडे जाणारी शेअर जीप हा भरवशाचा मार्ग.

कल्याण ते वैशाखरे साधारण 60 ते 65 किलोमीटर. एसटीला दोन तास धरा. कल्याणच्या स्थानकात पहाटे सहाला हजर असलात तर आठ-साडेआठला चालायला लागता येतं. यापेक्षा उशीर झाला की मुरबाड रस्त्यावरची गर्दी आणि वरचं ऊन दोन्ही अंगावर येतं.

स्वतःच्या गाडीनं ठाण्याहून 80 ते 85 किलोमीटर. नवी मुंबईहून महापे, शिळफाटा, कल्याण हा सरळ रस्ता. बदलापूरवरून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडला निघणारा रस्ता जास्त सुंदर आहे, पण पहाटेच्या अंधारात अनोळखी माणसानं तो घेऊ नये. पेट्रोल, एटीएम, औषधाचं दुकान, सगळं मुरबाडला उरकून घ्या. वरच्या गावात यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका, कारण नेटवर्कच ये-जा करतं. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा ठेवा. गाडी रात्रभर ठेवायची असेल तर महामार्गाच्या कडेला ठेवू नका. वाटेजवळच्या एखाद्या घराच्या अंगणात, विचारून आणि ठरलेले पैसे देऊन ठेवा.

सॅकमध्ये काय

माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार. पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये न घेता एक लिटरच्या बाटल्यांत घ्या, म्हणजे किती उरलं ते कळतं. ओआरएसच्या चार पुड्या, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, पहिल्या दुपारचं जेवण. ठेपले किंवा पोळी-चटणी टिकते, भात आणि दह्याचे पदार्थ उन्हात आंबतात. हेडटॉर्च आणि त्याचे जादा सेल. हातातला टॉर्च चढताना निरुपयोगी, पण लेण्यासाठी एक हवाच. का, ते पुढे येईल. चादर किंवा पातळ स्लीपिंग बॅग, कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. पूर्ण सॅक सात-आठ किलोच्या वर गेली की काहीतरी जास्त घेतलंय असं समजा.

बूट महत्त्वाचे. नाणेघाटाच्या नळीतले दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी आणि पाण्यानं गुळगुळीत झालेत. चालायला जाण्याचे गुळगुळीत तळव्यांचे स्पोर्ट्स शूज त्यावर सरकतात. रबरी, खोल खाचांचा तळवा हवा. नवेकोरे बूट घालून येऊ नका, पहिल्या तासातच टाचेला फोड येतो.

अत्तर, डिओ, उग्र वासाचं तेल घरी ठेवा. जीवधनच्या आणि त्याच्या शेजारच्या वानरलिंगी सुळक्याच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तीव्र वास आणि धूर यांनी माश्या उठतात. त्या उठल्या तर पळापळ करू नका, ओरडू नका, हात झाडू नका. चादर किंवा जाकीट डोक्यावरून ओढून, तोंड झाकून जमिनीलगत स्थिर बसा.

चढ

महामार्गापासून माथ्यापर्यंत चढ सहाशे मीटरच्या वर आहे. सरावाच्या माणसाला अडीच तास, गटाला तीन-साडेतीन. गट सहा ते बारा जणांचा ठेवा. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला आणि सगळ्यात मागे धीराचा माणूस, आणि मागच्याच्या मागे कोणीही राहता कामा नये, हा नियम निघतानाच सगळ्यांना सांगा.

निघण्याआधी महामार्गावर उभं राहून समोरच्या कड्याकडे नीट बघा. कोकणाकडे पुढे आलेला, अंगठ्यासारखा दिसणारा जो कडा आहे तो नानाचा अंगठा. घाट त्याला लागून असलेल्या खाचेतून चढतो. ही खूण डोक्यात ठेवा, कारण जंगलात शिरल्यावर कडा झाडांमागे जातो आणि मोकळ्या जागी परत दिसतो. दर वेळी दिसला की दिशा पडताळा.

पहिला पाऊण तास सौम्य आहे. रुंद वाट, एक-दोन ओढे, मग साग, ऐन, पळस यांचं जंगल. वाट चुकते ती याच सोप्या टप्प्यात. इथे ढोरवाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा अनेक फुटतात आणि पावसाळ्यानंतर गवत वाढलं की सगळ्या सारख्याच दिसतात. ढोरवाट ओळखायची कशी? ती डोंगराला आडवी जाते, उंची घेत नाही आणि दोन्हीकडच्या झुडपांच्या फांद्या कमरेच्या खाली मोडलेल्या असतात. मुख्य वाट झिजलेली, दगडांवर पांढरटपणा आलेली, आणि थोड्या थोड्या वेळानं उंची घेणारी. दगडांवर रंगवलेले बाण जागोजाग आहेत. दहा मिनिटांत एकही बाण किंवा झिजलेला दगड दिसला नाही, तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या बाणापर्यंत मागे या. खालच्या वाड्यांतल्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेतलंत तर फारच उत्तम. जंगलाची नावं त्याच्याकडून कळतात आणि त्याच्या घरात दिवसाची मजुरी जाते.

मधल्या टप्प्यात चढ लागतो आणि कारवीची झाडी सुरू होते. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. इतर वेळी ती फक्त हिरव्या काठ्यांचं रान वाटते, पण याच काठ्या विणून, वर शेण-मातीचा गिलावा देऊन कुडाच्या भिंती होतात. घाटघरात अशी भिंत दिसली तर हात लावून बघा, काठीचा पेर जाणवतो. चढताना कारवीला धरून शरीर वर ओढू नका. वजन आलं की काठी मुळासकट सुटते.

वरचा तिसरा टप्पा म्हणजे नळी. दोन्ही बाजूंना कातळ जवळ येतो आणि पायाखाली दगड रचून, काही ठिकाणी कातळ कोरून केलेली वाट लागते. इथे पावलं आखूड टाका आणि पूर्ण तळवा टेकवा. पावसाळ्यात नळी म्हणजे ओढाच असतो. पाणी घोट्याच्या वर आलं तर थांबा. वर ढगफुटीसारखा पाऊस झाला की खालच्या माणसाला तो दिसत नाही, पाण्याचा आवाज वाढतो आणि रंग लाल होतो. लाल पाणी दिसताच नळीच्या मध्यातून बाजूला, उंच कातळावर व्हा. वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटण्याचा धोकाही इथेच. दोघांमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा. दगड सुटला तर एकच शब्द ओरडायचा, ‘दगड!’, आणि खालच्यांनी वर न बघता कातळाला चिकटायचं.

लेणं : इथे घाई करू नका

माथ्याच्या थोडं खाली लेणं येतं. सॅक बाहेर उतरवून ठेवा. आत सॅक घेऊन फिरलं की ती भिंतीला घासते, आणि घासला जाणारा भाग बरोबर अक्षरांच्या उंचीचा असतो.

समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता फक्त काही पावलांच्या खुणा उरल्यात, पण वरची नावं वाचता येतात. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सिरि सातकनि, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि. आपल्याकडे जिला नागनिका म्हणतात ती ही राणी, सातवाहन राजा पहिल्या सातकर्णीची पत्नी. डाव्या आणि उजव्या भिंतीवरचा मोठा लेख तिच्या काळचा, प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत. एकेका भिंतीवर दहा ओळी. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी. कुठे 1700 गायी आणि 10 हत्ती, कुठे 11,000 गायी आणि 1000 घोडे, आणि कार्षापण नाण्यांचे आकडे. राणीनं पतीच्या यज्ञांचा हिशोब व्यापाऱ्यांच्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवलाय. भारतात आकडे चिन्हांनी लिहिल्याचे जे सगळ्यात जुने पुरावे आहेत, त्यांत या भिंतीची गणना होते. 1828 मध्ये विल्यम साईक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचं वाचन पुढे नेलं.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. भिंतीवर समोरून टॉर्च मारला तर सगळं सपाट दिसतं आणि लोक ‘काही दिसत नाही’ म्हणून बाहेर पडतात. टॉर्च भिंतीच्या अगदी जवळ, भिंतीला न टेकवता, जवळजवळ समांतर धरा. तिरका प्रकाश अक्षरांच्या खाचांत सावली टाकतो आणि ओळ उभी राहते. एकानं टॉर्च धरावा, दुसऱ्यानं चार फूट मागे उभं राहून वाचावं. ब्राह्मी येत नसली तरी पाच अक्षरं ओळखता येतात. अधिकच्या चिन्हासारखा दिसतो तो ‘क’. नुसती उभी रेघ, खाली किंचित वळलेली, तो ‘र’. छपरासारखा, वर टोक असलेला ‘ग’. आडव्या रेघेवर मधोमध उभी रेघ तो ‘न’. गोलावर देठ तो ‘व’. मुलांना ही पाच अक्षरं कागदावर काढून द्या आणि भिंतीवर शोधायला सांगा. अर्धा तास कोणी हलत नाही. आडव्या दोन रेघा एकावर एक दिसल्या तर तो आकडा दोन.

खडू, पीठ, ओला फडका यांनी अक्षरं ‘उठावदार’ करायचा मोह आवरा. खडूची भुकटी खाचेत बसून राहते आणि ओलाव्यानं कातळाचा पापुद्रा सुटतो. लेण्यात मुक्काम करू नका, चूल पेटवू नका. धुराची काजळी भिंतीवर बसली की ती काढताना अक्षरही जातं. नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा.

लेण्याजवळ पाण्याची टाकी आहेत. पाणी वापरण्याजोगं असेल तर दुहेरी फडक्यातून गाळून क्लोरिनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. टाक्यात हातपाय धुवायचे नाहीत, पाणी बाटलीनं काढून बाजूला जायचं. वर गुरं राखणारी माणसंही याच पाण्यावर असतात.

लेण्यापासून चिंचोळ्या खिंडीतून वर आलात की वाटेच्या कडेला मोठा दगडी रांजण दिसतो. याला जकातीचा रांजण म्हणतात. येणारा-जाणारा व्यापारी यात नाणी टाकायचा अशी इथली सांगणी आहे. फोटोसाठी त्याच्या काठावर चढू नका, आत प्लास्टिक दिसलं तर उचलून आपल्या पिशवीत टाका.

घाटघर

माथ्यापासून घाटघर सुमारे तासाभराची, बरीचशी सपाट चाल. पठारावरून जाताना हिरड्याची झाडं दिसतील. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना हिरडा गोळा करून विकण्यातून मोठा आधार मिळतो, तेव्हा खाली पडलेला असला तरी खिशात भरू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर भातखाचरांच्या बांधांवरून चालू नका. मातीचा बांध एका पावलानं खचतो, पाणी फुटून जातं आणि खाचराच्या मालकाचा अर्धा दिवस तो परत भरण्यात जातो. वाट नसेल तर लांबचा वळसा घ्या.

गावात घरगुती जेवणाची आणि झोपण्याची सोय होते, पण ऐनवेळी बारा माणसं दारात उभी करू नका. जाण्याआधी चार-पाच दिवस फोनवर माणसं किती, शाकाहारी किती, पोचणार कधी आणि माणशी किती हे चारही ठरवा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, कडधान्याची आमटी, हे जेवण मागा. पनीर आणि मॅगीचा आग्रह धरू नका, त्यासाठी कोणाला तरी जुन्नरपर्यंत जावं लागतं. वयानं मोठ्या बाईंना मावशी किंवा आजी, पुरुषांना काका, दादा म्हणा आणि घरात शिरण्याआधी चपला काढा. देवाच्या शेंदूर लावलेल्या शिळेजवळही तेच. कोणाचाही, विशेषतः मुलांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेटं आणि पैसे वाटू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेत शिक्षकांना विचारून वह्या द्या.

रात्री अंधारात एकट्यानं पठारावर जाऊ नका. हा बिबट्याचा मुलूख आहे. लघवीसाठी बाहेर पडतानाही दोघं जा, टॉर्च लावा आणि बोलत जा. बूट सकाळी घालण्याआधी उलटे करून झटका. फुरसं आणि घोणस या भागात आहेत. सर्पदंश झाला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. अवयव हलू न देता लगेच जुन्नरच्या किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायचं. वरून जुन्नर गाडीनं गाठता येतं, म्हणून जुन्नरच. मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. फोन लागत नसेल तर गावातल्या माणसाला रेंज येणारी जागा विचारा, ती त्यांना नेमकी ठाऊक असते.

दुसरा दिवस : जीवधन

जीवधनची उंची 1145 मीटर. घाटघरकडून जुन्नर दरवाजानं वर जायला सव्वा ते दीड तास. पहाटे सहाला निघा, उन्हाच्या आत उतरता येतं. नाणेघाटाच्या बाजूनं कल्याण दरवाजाची वाटही आहे, पण तिथे कातळटप्पा आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. गाठी आणि बिले (चढणाऱ्याला दोरानं सावरून धरणं) जाणणारा माणूस आणि पन्नास फुटी दोर नसेल तर ती वाट घेऊ नका. घाटघरच्या बाजूलाही काही पायऱ्या तुटलेल्या आहेत, तेव्हा गावातला वाटाड्या घ्या आणि ओल्या कातळावर चढूच नका. चढलेलं उतरता येत नाही, माणसं अडकतात ती नेहमी उतरताना. अशा टप्प्यावर तोंड कातळाकडे करून, तीन अवयव टेकलेले ठेवून, चौथा हलवत उतरायचं.

वर धान्यकोठार चुकवू नका. दारावर गजलक्ष्मी कोरलेली आहे, आत अंधारात एकामागे एक दालनं. टॉर्च लावून, हळू बोलत जा, वटवाघळं असतात. किल्ल्याच्या पश्चिम टोकावरून वानरलिंगीचा सुळका समोर दिसतो. तिथेही कड्यापासून मागे. पाणी टाक्यांत असतं, पण उन्हाळ्यात भरवसा धरू नका.

हा किल्ला, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चौघे मिळून नाणेघाटाच्या वाटेवर नजर ठेवत. वेळ आणि गाडी असेल तर जुन्नरच्या रस्त्यावर चावंडजवळच्या पूर गावातलं कुकडेश्वर मंदिर बघा. कुकडी नदी इथून निघते असं मानतात आणि मंदिराच्या भिंतींवरचं कोरीवकाम एका तासात संपत नाही.

परतीची वाट

दोन पर्याय. गुडघे दुखत असतील तर घाटघरहून जीप ठरवून जुन्नर आणि तिथून माळशेजमार्गे कल्याणची एसटी. घाटघर ते जुन्नर एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. वेळ आदल्या रात्री गावात विचारून ठेवा. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड आणि धुक्यानं वाहतूक थांबू शकते, तेव्हा सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचंच आहे अशांनी हा धोका धरून चालावं.

पाय ठीक असतील तर आलात तसेच नाणेघाटानं उतरा. साडेबाराच्या आत माथा सोडा, दोन तासांत महामार्ग येतो. उतारात गुडघ्यांवर भार येतो म्हणून सॅकचा कमरपट्टा घट्ट करा, बुटाची नाडी घोट्याजवळ आवळा म्हणजे अंगठ्याचं नख काळं पडत नाही. संध्याकाळी उतरू नका. नळीत अंधार बाहेरच्यापेक्षा तासभर आधी होतो.

रविवारी दुपारी चारनंतर माळशेजकडून येणाऱ्या एसटी भरून येतात आणि वाटेत हात दाखवूनही थांबत नाहीत. तीनच्या सुमारास रस्त्याला लागलात तर जागा मिळते. उशीर झालाच तर पाटीखाली ताटकळू नका. शेअर जीपनं टोकावडे किंवा मुरबाड गाठा, तिथून कल्याणच्या गाड्या सुटतात. अंधार पडला असेल तर रस्त्याच्या कच्च्या कडेवर, वळणापासून दूर उभे राहा आणि टॉर्च ड्रायव्हरच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या अंगावर मारा, म्हणजे माणसं उभी आहेत हे त्याला लांबून दिसतं.